पेप्टाइड प्लांटमध्ये मेम्ब्रेन बसवलं, तरी सॉल्व्हंटचे ड्रम तेवढेच? या चुका टाळा

सॉलिड फेज पद्धतीने, म्हणजे रेझिनच्या कणांवर एकेक अमिनो आम्ल जोडत, एक किलो पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) बनवायला सरासरी 13,000 किलोच्या आसपास माल खर्ची पडतो. लहान रेणूंच्या औषधांत हाच आकडा काही शेकड्यांत असतो. पेप्टाइडच्या आकड्यात सिंहाचा वाटा सॉल्व्हंटचा: रेझिन धुवायला डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), शुद्धीकरणाच्या कॉलमवर असिटोनायट्राइल. त्यामुळे नॅनोफिल्ट्रेशनचं, म्हणजे मोठे रेणू अडवून सॉल्व्हंट पार जाऊ देणाऱ्या मेम्ब्रेनचं, स्किड (तयार युनिट) मागवावंसं वाटणं साहजिकच आहे. पण मेम्ब्रेन सॉल्व्हंट नाहीसं करत नाही, त्याचे दोन वाटे करतं: एक मेम्ब्रेनमधून पार जाणारा (पर्मिएट), दुसरा पेप्टाइडसह आत उरणारा. पर्मिएटचं पुढे काय करायचं हे आधी ठरलं नसेल, तर कचऱ्याची फक्त टाकी बदलते.

99 टक्के रिजेक्शनवर समाधान मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 99 टक्के रिजेक्शन म्हणजे पर्मिएटमध्ये पेप्टाइडची तीव्रता आतल्या द्रावणाच्या 1 टक्का. नुसतं आटवताना हे खपून जातं. डायाफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनवर अशुद्धी धुऊन काढताना, मात्र आपण ताजं सॉल्व्हंट ओतत राहतो आणि गळती साठत जाते. दहा डायव्हॉल्यूमनंतर (आतल्या द्रावणाच्या दहापट ताजं सॉल्व्हंट ओतल्यावर) सुमारे साडेनऊ टक्के माल गेलेला असतो. रिजेक्शन 95 टक्के असेल तर जवळपास 39 टक्के. गमावलेल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तो बनवताना वापरलेलं सॉल्व्हंटही पाण्यात जातं, म्हणजे बचत राहिली बाजूला. 99.9 टक्क्यांना नुकसान 1 टक्क्यावर येतं. तेवढं घट्ट मेम्ब्रेन मिळत नसेल, तर पर्मिएट दुसऱ्या मेम्ब्रेनवरून नेऊन निसटलेला माल परत फिरवा.

आणि कॅटलॉगमधल्या कट-ऑफवर (मेम्ब्रेन किती रेणुभारापासून पुढचे रेणू अडवतं तो आकडा) विसंबू नका. तो बहुधा पॉलिस्टायरीनसारख्या पदार्थावर, एखाद्याच सॉल्व्हंटमध्ये मोजलेला असतो. लिराग्लुटाइड या पेप्टाइड औषधाचं रेणुभार 3,751 असलं तरी ते तुमच्या सॉल्व्हंटमध्ये, तुमच्या दाबाला अडतं का, हे लहान सेलमध्ये स्वतः मोजूनच कळतं.

न आटवता धुवायला घेणं

अजिबात न अडणारी अशुद्धी 0.1 टक्क्यावर आणायला सुमारे सात डायव्हॉल्यूम लागतात. 1,000 लिटरची बॅच तशीच धुतली तर 7,000 लिटर ताजं सॉल्व्हंट. आधी 100 लिटरवर आणली तर 700. अर्थात फार दाट केलं की फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पार जाण्याचा वेग) कोसळतो, काही पेप्टाइडं जेलसारखी होतात. मधला बिंदू प्रयोगानेच सापडतो.

पायपरिडीन गाळून निघेल ही आशा

साखळीत पुढचं अमिनो आम्ल जोडण्याआधी टोकावरचा एफमॉक हा संरक्षक गट पायपरिडीनने काढतात (डीप्रोटेक्शन). डीएमएफचं रेणुभार 73, पायपरिडीनचं 85. त्यांना मेम्ब्रेनने वेगळं करणं म्हणजे मीठ आणि साखर चाळणीने वेगळी करणं. उरलेले एफमॉक अमिनो आम्ल किंवा डायबेंझोफुल्व्हीनचं (सुटलेल्या एफमॉकचा अवशेष) पायपरिडीनशी झालेलं 263 वजनाचं संयुग घट्ट मेम्ब्रेन बऱ्यापैकी अडवतं, पण पायपरिडीन पर्मिएटबरोबर निघून जातं. ते कपलिंगमध्ये (अमिनो आम्ल जोडण्याच्या टप्प्यात) परत आलं तर एफमॉक अवेळी सुटतो आणि साखळीत एखादं अमिनो आम्ल दोनदा जोडलं जातं. म्हणून डीप्रोटेक्शननंतरचे पहिले, पायपरिडीनने भरलेले वॉश वेगळे काढा. शेवटचे, जवळपास स्वच्छ वॉश पुढच्या चक्रातल्या पहिल्या धुण्याला चालतात. शिवाय पॉलिइमाइडच्या मेम्ब्रेनला पायपरिडीनसारखं अमाइन सोसत नाही, हेही खरेदीआधी विचारा.

असिटोनायट्राइल-पाण्याचंही तसंच. नॅनोफिल्ट्रेशन पेप्टाइड आटवतं, ही दोन द्रव्यं वेगळी करत नाही. ऊर्ध्वपातनही असिटोनायट्राइल वजनाने 84 टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की अॅझिओट्रोपवर (जिथे वाफ आणि द्रवाचं प्रमाण सारखंच होतं) अडतं. तिथून पुढे परव्हेपोरेशन (मेम्ब्रेनमधून पाणी वाफेच्या रूपात काढणं) उपयोगी पडतं.

फ्लक्स पडला तर

पहिला हात दाबाच्या व्हॉल्व्हकडे जातो. थांबा. पृष्ठभागावर पेप्टाइडचा थर जमला असेल तर दाब वाढवून तो अधिकच घट्ट होतो. क्रॉसफ्लो (मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरून आडवा वाहणारा प्रवाह) वाढवून पाहा. पीएच समविद्युत बिंदूजवळ (जिथे पेप्टाइडवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) असेल तर तो सरकवा. मेम्ब्रेन नवीन असेल तर सुरुवातीची घसरण दाबाखाली दबण्याची असू शकते. ते स्थिर होईपर्यंत शुद्ध सॉल्व्हंट फिरवा. त्यातच पॅकिंगसाठी भरलेलं ग्लिसरीन किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल धुऊन निघतं, नाहीतर ते थेट तुमच्या मालात उतरतं.

आणि प्रत्येक बॅचच्या पर्मिएटचा नमुना एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. मेम्ब्रेन फाटलं किंवा ओ-रिंग फुगून सैल झाली, तर ते तिथे सगळ्यात आधी दिसतं.