निदान लांबत असेल, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची तयारी

डॉक्टर बदलण्यापूर्वी जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. गडहिंग्लज किंवा चंदगडहून एवढ्या लांब कोल्हापुरात येऊन नव्या डॉक्टरांसमोर रिकाम्या हाताने बसणाऱ्या रुग्णांविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

सर्वांत मोलाची आहे ती लक्षणांची नोंद. सांधे दुखत असतील, तर केवळ ‘अंग दुखते’ असे न सांगता कोणते सांधे सुजतात, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो आणि हालचालीने तो कमी होतो की वाढतो, हे लिहून न्यावे. तासाभराहून अधिक टिकणारा आखडलेपणा आमवातासारख्या विकाराची शंका निर्माण करतो, तर झिजेमुळे आलेला बहुधा अर्ध्या तासात सैल होतो. आधीची औषधे लपवू नयेत. स्टेरॉइडमुळे सूज तात्पुरती दबते आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. मात्र ते स्वतःहून अचानक बंदही करू नये.

दोन डॉक्टरांची मते जुळत नसतील, तर दुसरा कोणता आजार संभवतो आणि तो कोणत्या तपासणीने वगळला, हे नम्रपणे विचारावे. खासगी खर्च झेपत नसेल, तर तीच फाइल घेऊन कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जावे.