झोपेची-टेन्शनची गोळी चालू असेल तर डोळ्यांकडे पण लक्ष द्या

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यातलं काही चालू झालं आणि मोबाईलवरची अक्षरं धूसर दिसायला लागली की लोक आधी चष्म्याचा नंबर तपासायला पळतात, पण ह्या गोळ्या मेंदूतल्या गाबाचा, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा, परिणाम वाढवतात आणि त्यामुळे डोळे हलवणारं, फोकस करणारं सगळंच थोडं ढिलं पडतं, मग जवळचं वाचताना त्रास, कधी एकाचे दोन दिसणं, काहींना रंग फिके वाटणं.

घरच्या घरी एक करून बघा. दोन दिसत असेल तर एक डोळा झाका. लगेच एकच दिसलं तर दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ बिघडलाय, हे डॉक्टरला नक्की सांगा. गोळी किती वाजता घेतली आणि कधी धूसर झालं तेही लिहून ठेवा, खूप उपयोग होतो.

आणि स्कूटर! पावसात रात्री मांडवीच्या पुलावर समोरच्या लाईटी डोळ्यात घुसतात, त्यात ही गोळी म्हणजे नकोच, कुणालातरी सोडायला सांगा. उर्राक, फेणी, बियर कशासोबतच नको, श्वास मंदावू शकतो.

काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. डोळा अचानक लाल होऊन दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली तर थांबू नका, सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा.

फक्त घाबरून गोळी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात.