जंतुनाशक खाणारे बॅक्टेरिया डिझर्टेशनला घेताय? मग हे वाचा

पुण्यात एमएस्सी मायक्रो करणारे ज्युनिअर्स हा विषय घेऊ का विचारतात तेव्हा मी घ्याच म्हणते, पण एक गोष्ट आधी पक्की करा, केमिकलमध्ये जिवंत राहणं वेगळं आणि ते खाऊन संपवणं वेगळं.

फरशी पुसायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये असतं ते बेंझाल्कोनियम क्लोराइड घ्या, सगळे बीकेसीच म्हणतात. ते पेशीचं आवरण फोडतं. काही बॅक्टेरिया पंपाने ते नुसतं बाहेर फेकत राहतात, स्वतः वाचतात पण केमिकल आहे तेवढंच. स्युडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचे काही स्ट्रेन (उपप्रकार) मात्र त्याची लांब कार्बनची शेपटी नायट्रोजनपासून तोडतात, शेपटी खाऊन एनर्जी मिळवतात आणि मागे उरतं बेंझिलडायमिथाइलअमाइन, जे बीकेसीपेक्षा कितीतरी कमी विषारी. म्हणजे पोटही भरलं आणि जीवही वाचला, मला हे अजूनही कमाल वाटतं!

सॅम्पलसाठी सांडपाणी प्रकल्पाचा गाळ उत्तम, फक्त परवानगीचं पत्र लवकर टाका. तुलनेला ओळखीचा स्ट्रेन हवा तर पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत एनसीआयएमचं कल्चर कलेक्शन, म्हणजे सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, गाइडना सांगून तिथून मागवा. मिनिमल मीडियम घ्या, म्हणजे ज्यात बीकेसीशिवाय दुसरं खाणं नाही असं, ग्लुकोज-पेप्टोन अजिबात नको, आणि बीकेसी न घातलेली प्लेटही ठेवा कारण अगारमधल्या (प्लेट घट्ट करणाऱ्या जेलीमधल्या) अशुद्धींवरसुद्धा थोडी वाढ होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे फ्लास्क. बीकेसी पॉझिटिव्ह चार्जचं, पेशींना चिकटतं, काचेलाही चिकटतं, त्यामुळे फ्लास्कमधलं प्रमाण घटलं म्हणजे बॅक्टेरियाने खाल्लं असं होत नाही. एक फ्लास्क ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने मारलेल्या) पेशींचा आणि एक बिनपेशींचा सोबत चालवाच, मेलेल्यांमध्येही तेवढंच कमी झालं तर ते नुसतं चिकटलंय. एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, बीकेसीचा पीक (आलेखातला उंचवटा) उतरताना बेंझिलडायमिथाइलअमाइनचा चढताना दिसला की मग ठामपणे बोला. काही स्ट्रेन तेही पुढे मोडतात, म्हणून नुसतं शेवटी एकदा नको, मधेमधे सॅम्पल काढत राहा. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) यावरच विचारतात आणि विचारायलाच हवं.

आणि हो, हे कल्चर वाढवत असाल त्या बेंचवर बीकेसीवालं लिक्विड मारू नका, तिथे 70 टक्के अल्कोहोल वापरा, आणि वापरलेले फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये ओतायचे नाहीत.