जुन्या फुटबॉल कोचची कारकीर्द वहीत उतरवताना

अमेरिकन फुटबॉल कोच जॉन हाइसमनची कारकीर्द मी पहिल्यांदा लिहिली ती शेवटच्या बेरजेपासून: 186 विजय, 70 पराभव, 18 बरोबरी. ते पान मला फाडावं लागलं, कारण त्या आकड्यांमधला माणूसच दिसत नव्हता. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातला कुठलाही कॉलेज फुटबॉल कोच घ्या, बेरीज सगळ्यात शेवटी मांडा. (हा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत धरून धावण्याचा, पायाने खेळायचा नव्हे.)

आखीव वही घ्या आणि प्रत्येक कॉलेजला एक पान द्या. हाइसमनला आठ लागतात: ओबर्लिन, बक्टेल, ऑबर्न, क्लेमसन, जॉर्जिया टेक, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), वॉशिंग्टन अँड जेफरसन, राइस. कॉलेजांची नावं बदलत गेली आहेत. बक्टेल म्हणजे आजचं अ‍ॅक्रन विद्यापीठ. दोन्ही नावं लिहा, नाहीतर एकाच कॉलेजची दोन पानं होतील. हंगाम शरद ऋतूतला असतो, त्यामुळे जॉर्जिया टेकच्या पानावरचं ‘1904 ते 1919’ म्हणजे पूर्ण सोळा हंगाम.

आता सामने. निकाल दोन्ही बाजूंच्या नोंदींतून तपासा, यात आळस नको. 19 नोव्हेंबर 1892 चा ओबर्लिन विरुद्ध मिशिगन सामना बघा. ओबर्लिनच्या नोंदीत ते 24-22 ने जिंकले. मिशिगनच्या नोंदीत मिशिगन 26-24 ने जिंकलं. एक पंच म्हणाला वेळ संपली, दुसरा म्हणाला चार मिनिटं उरली आहेत. ओबर्लिनच्या मुलांना आगगाडी गाठायची होती, म्हणून मुलं मैदान सोडून निघाली आणि मिशिगनने मोकळ्या मैदानात टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. अशा सामन्यापुढे मी दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहिते आणि कोणाचा दावा कोणता तेही. हाइसमनचा कोच म्हणून तो पहिलाच हंगाम, आणि ओबर्लिनच्या लेखी तो अपराजित! एका गाडीच्या वेळेवर केवढं काही अवलंबून होतं.

समासात त्या वर्षीचे नियम लिहा. 1892 मध्ये टचडाउनला 4 गुण आणि त्यानंतरच्या किकला 2 होते; 1898 पासून 5 आणि 1; 1912 पासून टचडाउनला 6. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, 1906 मध्ये वैध झाला, आणि त्यासाठी हाइसमननं आधी बरीच वर्षं आग्रह धरला होता. म्हणून त्याचे ऑबर्नचे आणि टेकचे संघ एका मापाने मोजू नका.

कोच दुसरा कुठला खेळ शिकवत होता, यासाठी एक रकाना हवाच. हा रकाना मी आधी ठेवला नव्हता, म्हणून 7 ऑक्टोबर 1916 चा 222-0 मला नुसता क्रूर वाटत होता. जॉर्जिया टेकनं कंबरलँड कॉलेजवर पहिल्या दोन्ही सत्रांत 63-63 गुण केले, तिसऱ्यात 54, चौथ्यात 42. मग टेकच्या बेसबॉलच्या नोंदी उघडल्या. त्याच वर्षीच्या वसंतात कंबरलँडनं टेकला 22-0 ने हरवलं होतं, त्यांच्या संघात व्यावसायिक खेळाडू घुसवल्याचा संशय होता, आणि टेकचा बेसबॉल कोचही हाइसमनच होता. दोन्ही निकाल मी आता एकाच ओळीत लिहिते, मध्ये बाण काढून.