पोराची मॅच अन पोरीची मॅच, मायबापानं लाईनबाहेर कसं राहावं

माह्या घरी दोघंही फुटबॉल खेळतात, पोट्टा अंडर-17 अन पोट्टी अंडर-14. पोराची तालुक्याची मॅच असली का छोटा हत्ती करून पंधरा-वीस लोक जातात, पोरीच्या मॅचले सर, दोन माया अन पाण्याचा कॅन. मीही तसाच होतो राजेहो, म्हणून लिहून राहिलो.

पहिले एक काम करा. एका मॅचले तुम्ही काय काय ओरडता थे मोबाईलवर रेकॉर्ड करा अन घरी आल्यावर एकट्यानं ऐका. पोराच्या मॅचले मी "मार ना बे, काऊन पास देतं, झोपला का" असंच चालू होतं अन पोरीच्या मॅचले "जपून, पडशील, राहू दे". दोन्हीनं खेळ बिघडते, पोरगं चुकायले भेते म्हणून शॉटच मारत नाई अन पोरगी बॉलवर जायच्या आधी माह्याकडं पाहते. आता म्या ठरवलं, बॉल चालू असताना तोंड बंद, चांगलं खेळलं तर टाळ्या, अन टाळ्या समोरच्या टीमलेही. उभं राहाच तर गोलच्या मागं नका राहू, सरांच्या बाजूलेही नाई, समोरच्या लाईनले राहा म्हणजे पोराले दोन-दोन कोच होत नाई.

पोरीले धक्का लागला का आपण लगेच रेफरीवर धावतो. फुटबॉलचे 17 नियम आहेत अन थे पोरापोरींले सारखेच आहेत, बॉल खेळता येईल इतका जवळ असताना खांद्याले खांदा लावणं चालते, जास्त जोर लावला किंवा हातानं ढकललं तरच फाऊल. तिले पडू द्या, उठते थे.

काळजीच करायची तर मॅचच्या आधी करा. गुडघ्याची लिगामेंट (हाडाले हाड बांधून ठेवणारी पट्टी) तुटायचं प्रमाण पोरींमध्ये पोरांपेक्षा जास्त आहे, म्हणून वीसेक मिनिटं वॉर्मअप पाहिजेच, हळू पळणं, उठाबशा, एका पायावर तोल, अन उडी मारून उतरताना गुडघा आतल्या बाजूले वळू न देणं. पोरांलेही हेच. बुटं मापाची घ्या, भावाचे जुने देऊन "हिले चालते" म्हणू नका, बोटं सोलून निघतात. पोरीच्या बॅगेत सॅनिटरी पॅड अन काळी जास्तीची शॉर्ट राहू द्या, अन हे बापालेही माहीत असू द्या, लाजायचं काई नाई त्यात.

मॅच बहुतेक सोयाबीन सोंगणीच्या टायमालेच येते हे मालूम आहे. दोघांच्या तारखा कॅलेंडरवर एकाच पेननं लिहा अन आळीपाळीनं जा, एक पोराकडं तर पुढची पोरीकडं. मायले एसटीत 2023 पासून अर्धंच तिकीट आहे, तर तिलेही पाठवा, घरी भाकरी बापानं कराव्या एक दिवस.

कोणी म्हणन पोरीच्या जातीले फुटबॉल काय कामाचा. सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण पात्र असणाऱ्या पोरीलेही आहे, पोरालेही. अन 2022 च्या अंडर-17 वर्ल्ड कपले भारताची कॅप्टन अष्टम उरांव होती, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली, मायबाप मजुरी करणारे. पण मले विचाराल तर नोकरीसाठी खेळाचं असं सुरुवातीलेच डोक्यात घालू नका, पोरालेही नाई. तेरा वर्षाच्या लेकराले आधी बॉल आवडू द्या.

अन शेवटचं, जे मले सगळ्यात जड गेलं. हरल्यावर गाडीवर बसवून घरी येईपर्यंत मॅचचा विषय आपण काढाचाच नाई. "भूक लागली का" एवढंच. मागच्या बारीले पोट्टी चार गोलनं हरली, म्या फाट्यावर पोहे घेऊन देले अन गप बसलो, कसं गप बसलो माह्यं मले माहीत. गाव दोन किलोमीटर राहिलं तेव्हा मागून थेच बोलली, "बाबा, त्यांची डावीकडची लय फास्ट होती, उद्या दादाले सांगा ना मह्यासंग पळायले."