संघाला नाव कशाचे द्यावे : गावाचे, जिल्ह्याचे की खानदेशचे?

नवा संघ उभा राहिला की जर्सीचा रंग चार दिवसांत ठरतो, नावावर मात्र महिनाभर चर्चा चालते. आणि ती चालावीच. नाव सुचवायला बसण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात : खेळाडू कोणकोणत्या गावांतून येतात, रोजचा सराव कुठे होतो आणि जर्सी व प्रवासाचा खर्च कोण उचलतो. ही तिन्ही उत्तरे ज्यात मावतील असे सर्वांत लहान ठिकाण शोधावे आणि त्याचेच नाव संघाला द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या कबड्डी संघाने नेमके उलटे केले होते. सगळे खेळाडू तापीकाठच्या दोन शेजारी गावांतले असताना आम्ही छातीवर ‘खानदेश’ छापून घेतले. पहिल्याच खुल्या स्पर्धेत समोरच्या संघाच्या जर्सीवरही तेच नाव निघाले. निवेदक ‘पिवळे खानदेश’ आणि ‘निळे खानदेश’ असे पुकारू लागला, गुणलेखकाने आमच्या लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण त्यांच्या बाजूला मांडले आणि ते दुरुस्त होईपर्यंत सामना थांबला. त्याहून मनाला लागले ते दोरीपलीकडचे. तिथे बसलेले एक आजोबा प्रत्येक चढाईला शेजाऱ्याला विचारत होते, “हाऊ कोना पोऱ्या शे?” (हा कोणाचा पोरगा?) छातीवरचे एवढे मोठे नाव त्यांना याचे उत्तर देत नव्हते. पुढच्या हंगामात आम्ही दोन्ही गावांची नावे जोडून लिहिली, तेव्हा त्याच गावांतून ट्रॅक्टर भरून माणसे सामना पाहायला आली.

जिल्ह्याचे नाव घेताना आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची नावे त्यांच्या मुख्य शहरांचीच आहेत. त्यामुळे नुसते ‘धुळे’ लिहिले, तर तो शहराचा संघ की साक्री-शिरपूरसह साऱ्या जिल्ह्याचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अशा वेळी ‘धुळे शहर’ किंवा ‘धुळे तालुका’ असे स्पष्ट लिहावे. आंतरजिल्हा स्पर्धांत जिल्ह्याचा संघ त्या खेळाची जिल्हा संघटना निवडते, म्हणून खासगी मंडळाने केवळ जिल्ह्याचे नाव लावून तसा समज निर्माण करू नये. शिवाय बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. बाहेरच्या स्पर्धेत हा घोळ सहज होऊ शकतो.

‘खानदेश’ हे नाव मात्र फार जपून वापरावे. त्याला आज प्रशासकीय सीमा नाही. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे आणि खानदेशची बोली अहिराणी तर नाशिक जिल्ह्यातील बागलाण-मालेगावातही बोलली जाते. इतक्या मोठ्या प्रदेशाच्या नावाने खेळायचे, तर निवड चाचणी तिन्ही जिल्ह्यांत घ्यावी लागेल आणि नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला तिथवर पोहोचता यावे म्हणून त्याचे भाडेही द्यावे लागेल. विदर्भाने 2017-18 मध्ये रणजी करंडक जिंकला तो प्रदेशाच्याच नावाने. पण त्या नावामागे प्रदेशभर क्रिकेट चालवणारी संघटना उभी होती. 2023 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या सहा संघांत नाशिक, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर यांचे संघ होते, खानदेशचा नव्हता. अशा मोठ्या लीगसाठी ते नाव अजून मोकळे आहे, आणि म्हणूनच ते दोन गल्ल्यांच्या संघाने अडवून ठेवू नये, असे मला कळकळीने वाटते.

मोठे नाव घेण्याला एक रास्त कारण असू शकते, ते म्हणजे दोन शहरांतील चुरस. अमेरिकेत 1961 मध्ये बेसबॉलचा एक संघ मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात आला, तेव्हा कोणत्याही एका शहराला दुखवायला नको म्हणून त्याला ‘मिनेसोटा ट्विन्स’ असे राज्याचे नाव दिले गेले. उद्या धुळे आणि जळगाव यांनी खरोखर मिळून संघ काढला, तर हाच मार्ग योग्य ठरेल.

ठिकाण पक्के झाले की नाव विभक्तीत चालवून पाहावे. ‘शहाद्याचा चढाईपटू’, ‘चोपड्याची पकड’ असे निवेदकाच्या तोंडी सहज बसते. तीन इंग्रजी शब्दांचे शेपूट जोडले की ते अडखळते. प्रो कबड्डीतील ‘पुणेरी पलटण’ हे नाव म्हणूनच जिभेवर रुळले. नंतर लेखन ठरवावे. खानदेश आणि खान्देश अशी दोन्ही रूपे प्रचलित आहेत, त्यांतील एकच रूप नोंदणी, बँक खाते आणि प्रवेश अर्ज या सर्व ठिकाणी ठेवावे. आमच्या बक्षिसाचा धनादेश नावातील अशाच फरकामुळे परत आला आणि पैसे मिळेपर्यंत खेळाडूंनी खिशातून भाडे भरले. संस्थेची नोंदणी करताना नगरपालिकेशी किंवा शासनाशी संबंध सुचवणारे नाव टाळावे, कारण 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविषयीच्या कायद्याने त्यावर बंधन आहे.

प्रायोजकाचे नाव जर्सीच्या पाठीवर किंवा बाहीवर घ्यावे, संघाच्या नावात नको. प्रायोजक दरवर्षी बदलू शकतो, आणि त्याच्यासोबत संघाचेही नाव बदलत गेले तर दोरीपलीकडच्या आजोबांना दरवर्षी नव्याने विचारावे लागेल.