गडावर सेट चालू, पण उत्तर कुणाचंच नाही? पोर्टेबल हॅमवाल्यांनो, या चुका टाळा

घरच्या गच्चीवर झकास चालणारी हॅम रेडिओची (परवानाधारक हौशी रेडिओची) मांडणी राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर नेली की मुकी होते, ही तक्रार सतत कानावर येते. मग दोष सेटला दिला जातो आणि पुढच्या खेपेला जास्त वॅटचा, जास्त जड सेट पाठीवर चढतो. माझं ठाम मत आहे की सेट बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ असतो तो वेळेत, तारेत किंवा बॅटरीच्या वायरीत. शोधही याच क्रमाने घ्या.

बँड बरोबर, वेळ चुकीची

दिवसा, भर दुपार सोडली तर, 40 मीटरच्या बँडवर, म्हणजे 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झमध्ये, पाच-दहा वॅटवर पुणे, नाशिक, कोल्हापूर आरामात मिळतं. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली परतते. अंधार पडला की तो थर विरळ होतो. सरळ वर गेलेली लहर मग परतत नाही, तिरकी गेलेलीच दूरवर उतरते. म्हणून रात्री नऊला दिल्ली-चेन्नई खणखणीत ऐकू येतात आणि शंभर किलोमीटरवरचा मित्र गायब असतो. अशा वेळी पॉवर वाढवून काहीही होत नाही.

जवळच्यांशी रात्री बोलायचं तर 80 मीटरचा बँड हवा, पण त्याचा डायपोल (मधून जोडलेली, दोन बाजूंची तारेची अँटेना) 40 मीटर लांब होतो. तो नेणार नसाल तर रेडिओवरची भेट सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चारच्या सुमारास ठरवा. भर दुपारी खालचा थर लहर शोषून घेतो, कमी वॅटला ते जड जातं. 20 मीटरचा बँड शेजारच्या जिल्ह्यासाठी उघडूच नका, तो लांबच्यांसाठी आहे.

तार

7.1 मेगाहर्ट्झसाठी डायपोल सुमारे 20 मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू 10 मीटर. जमिनीच्या जितकं जवळ टांगाल तितका त्याचा रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) खाली सरकतो, त्यामुळे गच्चीवर जुळवलेली लांबी गडावर जुळेलच असं नाही. टोकं थोडी लांब ठेवा, गरजेप्रमाणे दुमडून टेप लावा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारं माप, कमी तितकं बरं) जागेवरच बघा. उंचीसाठी जीव काढू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायला पाच-सहा मीटरच्या काठीवर उलटा व्ही (मध्य वर, दोन्ही टोकं खाली उतरलेला डायपोल) पुरतो. कळसूबाईच्या माथ्यासारख्या जागी लोखंडी कठड्याला समांतर तार ओढू नका, सगळं जुळवलेलं बिघडतं.

एसडब्ल्यूआर अचानक चढला तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकेक दुवा तपासा. सेटला थेट डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोधक) लावा. मीटर शांत, तर सेट ठीक. मग डमी लोड को-ॲक्सच्या (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) दुसऱ्या टोकाला लावा. तिथे बिघडलं तर केबल किंवा कनेक्टर दोषी. कमी पॉवरवर ठेवून पीएल-259 कनेक्टरच्या मुळाशी केबल हलकेच हलवा. काटा उडी मारतो? मधल्या पिनचं सोल्डर कच्चं आहे किंवा सॅकमध्ये दुमडून आतली तार तुटली आहे. केबल नुसती हातात धरल्यावर काटा हलत असेल, तर बाहेरच्या जाळीवरून करंट परत येतोय, फीड पॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) चोक (हा करंट अडवणारी गुंडाळी) लावा.

पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं की सेट बंद

ऐकायला सगळं छान, बोलायला गेलं की स्क्रीन विझते. बॅटरी बदलण्याआधी वायर बघा. शंभर वॅटचा सेट बोलताना सुमारे 20 अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर जोडवायर त्यात जवळजवळ एक व्होल्ट खाते, फ्यूज आणि चिमटे आणखी थोडं. जाड आणि आखूड वायर घ्या, आणि पॉवर 100 वरून 25 वर आणा. समोरच्याला फरक पडतो एका एस-युनिटचा (सिग्नलच्या जोराच्या मोजपट्टीवरच्या एका पायरीचा), तुमची बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते.

सतत खरखर येत असेल तर सोलर चार्ज कंट्रोलर, पॉवर बँक आणि तंबूतली एलईडी माळ एकेक करून काढा.

हँडीचं (हातात धरायच्या छोट्या सेटचं) गणित सोपं आहे: 144 ते 146 मेगाहर्ट्झमध्ये समोर डोंगर आला की संपलं, डोंगराच्या धारेवर चढा. रिपीटरचा (उंचावरून बोलणं पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) शिफ्ट (ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (तो उघडणारा सूर) घरूनच भरून न्या. सिंहगडासारख्या ठिकाणी मोठ्या टॉवरशेजारी स्वस्त हँडी बहिरी होते, दोन-तीनशे मीटर बाजूला सरका.

अँटेनापायी जीव धोक्यात घालू नका

झाडावर दोरी फेकण्याआधी वर बघा. सह्याद्रीत कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतात, एक चुकलेला दगड पुरेसा होतो. बेसॉल्टमध्ये खुंटी जात नाही म्हणून तटबंदीच्या सांध्यात ठोकू नका, काठीच्या ताणाच्या दोऱ्या दगडांना बांधा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग बघत राहा. गडगडाट ऐकू आला की शक्य असेल तर काठी आडवी करा, को-ॲक्स सोडा आणि धारेवरून खाली उतरा. वीज अगदी जवळ असेल तर काठीला हातही लावू नका. नुसतं केबल काढून तिथेच बसणं पुरेसं नाही.

अभयारण्यात मुक्कामाला वनविभागाची परवानगी लागते, आणि डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाच्या) लायसन्सची प्रत सॅकमध्ये असू द्या. काठी-तारा बघून चौकशी होणारच.

शेवटची चूक सर्वांत महागात पडते: घरी फक्त ‘रेडिओवर बोलू’ सांगून निघणं. कागदावर लिहून द्या: वेळ, फ्रिक्वेन्सी, दुसरी फ्रिक्वेन्सी. वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की आपली, हेही लिहा, साडेपाच तासांचा फरक असतो. पहिली भेट हुकली तर दुसऱ्या वेळेची वाट बघायची. तीही हुकली तर पायथ्याच्या गावातल्या ठरलेल्या माणसाला फोन, आणि त्याच्याकडूनही काही कळलं नाही तर 112.